मिशीवाल्यांचा दिवा

गल्लीत त्यांना सगळे मिशीवाले म्हणत. केस कापायचं दुकान, म्हणजे दुसऱ्यांच्या मिशा छाटण्यात सगळी हयात गेलेली, आणि स्वतःची मिशी मात्र अशी, की त्यांचा वरचा ओठ कुणी पाहिला असेल तर फक्त त्यांच्या आईने. "मालक, ही तुमच्या दुकानाची पाटी आहे," असं गिऱ्हाईक म्हणालं, की स्वारी खूश होऊन मिशीवरून हळूच कंगवा फिरवायची. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

दुकान बंद करून घरी आल्यानंतरचा वेळ त्यांचा सगळ्यात लाडका. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये चहाचे कप, आणि मग दिवसभर खुर्चीत बसून गेलेल्या एकेकाची बित्तंबातमी. कुणाला टक्कल झाकून हवं होतं, कोण डोळे मिटल्या मिटल्या घोरायला लागला आणि दचकून जागा होत "किती झाले?" विचारता झाला. बायको खुदुखुदू हसायची. तिचं ते हसणं ऐकायला मिळावं म्हणून मिशीवाले दिवसभर गमती गोळा करत हिंडायचे म्हणा ना.

मग एका तापात बायकोचे कान गेले. दोन्ही. डॉक्टरांनी हात टेकले, कानात घालायच्या यंत्राचाही काही उपयोग झाला नाही. पण बाई चिवट. आरशासमोर बसून स्वतःशीच बोलत, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत ती ओठ वाचायला शिकली. कुणी शिकवलं नाही, कुणाकडे रडगाणं गायलं नाही. टेबलाशी पुन्हा गप्पा सुरू झाल्या. थोड्या अडखळत, पण झाल्या. दुकानाशेजारच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त करणारी भाची आली, की तिचं बोलणं मामीला चटकन कळायचं. नवऱ्याला मात्र सारखं "काय?" आणि "परत सांगा". नवऱ्याचं बोलणं कुठली बायको लक्ष देऊन ऐकते, असं म्हणून मिशीवाले ते हसण्यावारी न्यायचे.

पण पुढे संध्याकाळची वीज जायला लागली, आणि ती नेमकी त्यांच्या गप्पांच्या वेळेला.

पहिल्याच दिवशी मिशीवाले रंगात येऊन सांगत होते आणि दिवे गेले. सवयीने ते अंधारात बोलतच राहिले. मध्येच समोरून बायकोचा आवाज आला, अगदी बारीक झालेला.

"अहो, तुम्ही बोलताय का?"

मिशीवाल्यांनी चाचपडत तिचा हात धरला आणि वीज येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ती लवकर आवरून आतल्या खोलीत जाऊन पडायला लागली. "दमलेय," म्हणायची. ती दमलेली नव्हती, हे न कळण्याइतके मिशीवाले काही बुद्दू नव्हते. अशीच ती रोज थोडी थोडी दूर जात राहिली, तर एक दिवस घरात दोन माणसं राहतील आणि बोलणं संपलेलं असेल, ही भीती त्यांना दुकानातही सुखाने कात्री चालवू देईना.

मेणबत्ती लावून पाहिली. ज्योत नाचायची आणि तिच्याबरोबर चेहऱ्यावरच्या सावल्याही. टॉर्च तोंडावर धरून बोलावं तर पोलिसांनी चौकशीला बसवल्यासारखं वाटायचं. विकतचा दिवा आणला, तर तो चार्ज करायचा राहून जायचा आणि ऐन वेळी डोळे मिटायचा. शेवटी त्यांनी भाचीचा गाळा गाठला.

"एवढंच ना? एक बारीकसा एलईडी आणि तीन पेन्सिल सेल," भाची म्हणाली. "इतकी कमी वीज खातो, की कित्येक संध्याकाळी पुरेल. थांब, मी आत्ता करून देते."

"नाही. करणार मीच. तू नुसतं सांग."

"मामा, तुला साधा प्लग बसवता येत नाही!"

"तुझी मामी एकटीच्या जिवावर ओठ वाचायला शिकली. मला तिच्यासाठी एक दिवा जोडता येऊ नये?"

भाचीने डाळीच्या दाण्याएवढा एलईडी त्यांच्या तळहातावर ठेवला, शेजारी रंगीत पट्ट्यांचा एक चिमुकला रेझिस्टर. "हा रेझिस्टर मध्ये हवाच, नाहीतर जास्त वीज जाऊन दिवा जळेल. आणि एलईडीचे दोन पाय बघ. लांब तो प्लस, आखूड तो मायनस. उलटा जोडलास तर पेटायचा नाही. राहील लक्षात?"

"मी काय लहान आहे?" म्हणत मिशीवाले दुकानात आले. दुपारची सामसूम होती. त्यांनी खुर्चीच्या हातावर टॉवेल अंथरला, चष्मा चढवला आणि एलईडी चिमटीत धरून निरखला. एक पाय लांब, एक आखूड. आता गिऱ्हाइकाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा दोराभर खाली असला, तरी ज्या माणसाला घास उतरत नाही, त्याच्या समोर हे असलं ध्यान! हात आपोआप जुन्या कात्रीकडे गेला. कच्. दोन्ही पाय सारखे. त्यांनी मान मागे घेऊन समाधानाने पाहिलं, आणि मग जीभ चावली.

ते परत गाळ्यात आले, तशी भाची पोट धरधरून हसली. "मामा, कल्ले सारखे केलेस होय रे!" डोळे पुसत तिने एलईडी खिडकीकडे धरला. "हे बघ, आत दोन तुकडे दिसतात ना? मोठा असतो तो मायनसचा. आणि त्या बाजूची कडही जराशी चपटी आहे. नशीब तुझं, डोकं नाही कापलंस."

मग मात्र मिशीवाल्यांनी कात्री लांब ठेवली. भाचीच्या गाळ्यात बसून, बोट भाजून घेत, त्यांनी स्वतः तारांना कथलाचे डाग दिले. पावडरच्या रिकाम्या डब्यात सेल बसवले, केस कापायच्या मोडक्या मशीनचं बटण लावलं, आणि शाम्पूच्या बाटलीचं पांढरं टोपण दिव्याला टोपीसारखं घातलं. बटण दाबलं. टोपणातून मऊ, न हलणारा उजेड आला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो पुन्हा पुन्हा बंद करून लावला.

संध्याकाळी भाचीही आली. दिवा टेबलाच्या वर, भिंतीतल्या खुंटीला टांगला होता. ठरल्या वेळी वीज गेली, मिशीवाल्यांनी बटण दाबलं आणि ऐटीत सुरुवात केली. "आज काय झालं माहितेय?"

बायकोने डोळे बारीक केले. "काय?"

त्यांनी परत सांगितलं. परत "काय?" तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज चढला, जणू आवाजाने काही फरक पडणार होता. मग भाची पुढे वाकून म्हणाली, "मामी, दिवा मामाने स्वतः केलाय."

"कळलं की मला, भाजलेलं बोट बघून," मामी लगेच म्हणाली.

म्हणजे दिवा पुरत होता. मिशीवाल्यांच्या डोक्यात आता धंदा जागा झाला. उजेड वरून आला तर नाकाची सावली ओठांवर पडते, म्हणून तर दुकानातली ट्यूब आरशाच्या बाजूला लावलेली! त्यांनी दिवा खाली काढून टेबलावर स्वतःच्या तोंडासमोर ठेवला आणि उजेड नीट पडतोय का, ते पाहायला हातआरसा उचलला. नाक दिसलं, गाल दिसले, हनुवटी दिसली. वरचा ओठ कुठेच नव्हता. खालचाही अर्धाच. बाकी सगळी मिशी.

आरसा धरलेला हात खाली आला. त्यांनी बायकोकडे बघत मिशीकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. ही?

बायको पदरावरचं नसलेलं काहीतरी झटकू लागली. "अर्धं कळायचं," ती म्हणाली. "उरलेलं मी तुमच्या डोळ्यांवरून जुळवायचे. तुम्ही हसायला लागलात की समजायचं, गंमत इथं आहे."

"मग सांगितलं का नाहीस?" त्यांनी हातवारे करत विचारलं.

"किती लाडकी तुमची ती! कान माझे गेले. मिशी तुमची कशाला जायला हवी?"

इतकी वर्षं ही बाई अर्ध्या गोष्टीवर पूर्ण हसत आली होती, आणि ते मात्र तिचं लक्ष नसतं म्हणून गंमत करत होते. मिशीवाल्यांना लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी जास्त तिचे उपकार वाटले. ते उठले आणि कामाची पिशवी घेऊन आले.

"मामा, दुकानाची पाटी!" भाची ओरडली. बायकोने मनगट धरलं. त्यांनी ते हळूच सोडवलं, आरसा भाचीच्या हातात दिला, आणि स्वतः जोडलेल्या दिव्याच्या उजेडात आधी कात्री, मग फेस, मग वस्तरा फिरवला. तोंड पुसलं तर ओठावरची जागा भिंतीवरचं जुनं घड्याळ काढल्यावर मागे दिसते तशी गोरीपान निघाली. बायकोने तोंडावर हात घेतला आणि ती हसत सुटली. भाचीलाही हसू आवरेना. "गाळा बंद करायचा राहिलाय," असं काहीतरी पुटपुटत ती शहाणी मुलगी निघून गेली.

मिशीवाले दिव्याजवळ सरकले. उघड्या ओठाला हवा लागत होती आणि उगाचच लाजल्यासारखं होत होतं. दुकानातली एकही गंमत त्यांना आठवेना. मग जे मनात होतं तेच ते सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलले.

"तू होतीस, म्हणून आपलं घर बोलतं राहिलं."

बायको त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"परत सांगा."

"दिसलं नाही?" ते घाबरून दिवा पुढे ओढायला लागले.

तिने दिव्यावरचा त्यांचा हात धरला. "दिसलं. सगळं दिसलं. म्हणूनच म्हणते, परत सांगा."