चौकटीवरच्या खाचा

तीन काउंट्या, म्हणजे तिकडचे जिल्हे, आणि तिन्हींची माणसं एकत्र मोजली तरी गुरंच जास्त भरायची. म्हणून आजारी लेकरांच्या उपचारांचं सरकारी काम तिन्हींनी मिळून चालवलेलं: कचेरी एक, नर्स एक, महागाच्या साधनांचं कपाटही एकच. एका लेकराची गरज सरली की वस्तू पुढच्याकडे जायची. नर्स वर्नाचा इकडचा वार मंगळवार.

शेल्बीने दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"आलीस? तीन आठवडे होतील, माझी ट्रिना बुधवारी गेली. आमच्या वाट्याची नर्स एक दिवस आधी येते, हे तिला कुणी सांगायचं राहिलंच."

"बोल गं, हवं ते बोल. ऐकून घ्यायलाच आलेय."

"ऐकायला कशाला! चौकट न्यायला आलीस."

वर्नाची मान खाली गेली. स्वयंपाकघरात खिडकीपाशी ती चौकट होती. पट्ट्या बांधून ट्रिनाला रोज तासभर तिच्यात उभं करायचे. गेले दोन मंगळवार वर्ना फाटकातूनच परतली होती. कागदावर 'मोडली' लिहून चौकट इथेच राहू द्यावी असंही मनात आलं होतं, पण हात धजला नाही.

"घाटापलीकडे एक मुलगा आहे," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षांचा. खुब्याचं ऑपरेशन झालंय. आत्ता उभा केला नाही तर पाय आखडतील ते कायमचे. नवी मंजूर व्हायला उन्हाळा उजाडेल, आणि घाट या आठवड्यात बर्फाने बंद होतोय."

"नाव सांगू नकोस त्याचं."

"नाही सांगत."

शेल्बी दारातून बाजूला झाली, तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं. "केवढा आहे?"

वर्नाने टेबलाच्या कडेपाशी हात धरून दाखवलं.

शेल्बी चौकटीपुढे गुडघ्यांवर बसली. तिच्या खांबावर खाचा होत्या, आणि प्रत्येक खाचेशेजारी शेल्बीच्या हाताने लिहिलेली तारीख. पोर वाढली की पट्टे धरणारी खिट्टी एक खाच वर जायची. सगळ्यांत वरची तारीख सप्टेंबरची.

खिट्टी घट्ट बसली होती. वर्ना पुढे झाली.

"हात लावू नकोस."

तळव्याने ठोकून शेल्बीने ती काढली. एक खाच खाली, आठवा वाढदिवस. आणखी एक, पहिला दात पडला तेव्हाची. प्रत्येक तारखेवर बोट थांबत होतं. तळापासून दुसऱ्या खाचेशी ती थबकली.

"आणखी एक," वर्ना म्हणाली.

"एवढीशी होती का गं ती?"

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी वर्नानेच ती चौकट या घरात आणली होती.

"एवढीच होती," ती म्हणाली.

शेल्बीने खिट्टी तळाच्या खाचेत सरकवली.