राहून गेलेले बारा खिळे

मी एक जुना पन्हळी डांबरी पत्रा आहे, मित्रांनो. पत्रा हे नुसतं नाव, अंगात लोखंड नावालाही नाही. रद्दी कागदाचा लगदा दाबून, वाळवून, उकळत्या डांबरात बुडवला, तेव्हा माझा जन्म झाला. माझ्या पोटात सात वर्तमानपत्रं, एका पुढाऱ्याचं भाषण आणि दोन प्रेमपत्रं आहेत. भर उन्हात ती पत्रं अजून सुस्कारे टाकतात. भाषण मात्र संपलेलं नाही.

रशियातल्या उरल डोंगराच्या पायथ्याशी, बश्किर लोकांच्या एका खेड्यात, फनूझाआजीच्या खोपीवर मी चढलो. तिकडे हिवाळाभर मधमाश्यांच्या पेट्या खोपीत ठेवतात. आवाज झाला की माश्या बिथरतात, थंडीत बाहेर पडतात आणि मरतात. म्हणून आत माणसंही कुजबुजतात. टिनाचं छप्पर गारांनी ढोल बडवतं, मी गप्प असतो. माझी निवड त्यासाठीच झाली होती.

त्या वर्षी थंडी पंधरा दिवस आधीच आली. आजीचा दीर किंझ्या खिळे ठोकत होता. आम्हा प्रत्येक पत्र्याला वीस खिळे लागतात, तेही पन्हळीच्या माथ्यावर. प्रत्येकी आठ झाले होते, तोच आजीने पेट्या आत आणल्या.

"भावजी, हातोडी ठेवा."

"अहो वहिनी, बारा-बारा राहिलेत अजून!"

"वसंतात ठोका. माझी लेकरं आत्ता कुठे निजतायत."

"छप्पर उडालं म्हणजे अंगाई म्हणा त्यांना!"

"वाऱ्याची काय बिशाद! तुमच्या भावाला वठणीवर आणलंय मी."

किंझ्या हसला आणि खाली उतरला.

फेब्रुवारीत, भर दुपारी, हिमवादळ आलं. वाऱ्याने माझी कड उचलली. थंडीने डांबर कडक झालेलं, माझा कोपरा तडकला. फटीतून बर्फ थेट पेट्यांवर पडू लागला. आतली गुणगुण चढली. नवऱ्यामागे आजीला त्या चौदा पेट्यांचाच आधार होता.

किंझ्या हातोडी घेऊन धावला. आजीने त्याचं मनगट धरलं.

"ठोकलंत तर उठतील सगळ्या!"

"नाही ठोकलं तर गोठतील सगळ्या!"

"मग दोर आणा, ओंडके आणा. आणि तोंड मिटा."

तो येईपर्यंत सत्तरीची ती बाई शिडी चढली आणि माझ्यावर पालथी पडली. वारा मला ओढत होता, ती मला दाबत होती. त्या वाऱ्याने तीन गावांपलीकडची एक गाय उडवत नेली, मी डोळ्यांनी पाहिली. आजी हलली नाही. किंझ्याने दोर आडवे टाकले, टोकांना ओंडके बांधले. शब्दही न काढता.

वादळ निवल्यावर आजीने एकेका पेटीच्या तोंडाशी रबरी नळी लावली, दुसरं टोक कानाला. अकरा पेट्यांतून गुणगुण आली. तीन पेट्यांपाशी ती बराच वेळ बसली.

"मीच मारल्या," ती म्हणाली.

किंझ्याच्या जिभेवर टोमणा तयार होता. त्याने तो गिळला. "चुकलं माझंच," तो म्हणाला. "तुमचं ऐकायला नको होतं, वहिनी."

वसंतात पेट्या बाहेर गेल्या आणि त्याच सकाळी माझा तडकलेला कोपरा डांबराने लिंपून उरलेले खिळे ठोकले गेले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. रंग उडाला, शेवाळ चढलं, पण खाली थेंब गळलेला नाही.

मित्रांनो, टिकण्याचा गुण आमच्या अंगात असतो, पण अर्धवट ठोकलेल्या छपराच्या तो उपयोगी पडत नाही. ज्यांना माझ्या आसऱ्याला ठेवाल, त्यांना आधी पुरतं झाकून द्या. आणि वर्षातून एकदा शिडी लावून वर या. मी सैल झालो तरी कुरकुरणार नाही, तुम्हालाच हात लावून पाहावं लागेल.