सोंगटीच्या डोक्यावरची टोपी

मी टोपी बोलतेय. सभेत मिरवणारी पांढरी टोपी नव्हे, तिच्यासारखं नशीब माझं कुठलं! मी लाल मखमलीची, काठाला जरीची पट्टी असलेली, भैयाजी जादूगाराची टोपी. त्याची खरी, पण त्याच्या डोक्यावर मी कधी बसले नाही. माझा जन्म दुसऱ्यांच्या डोक्यांसाठी. टोपी घालणं म्हणजे फसवणं असं लोक म्हणतात, ते ऐकलं की माझी मान खाली जाते.

चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, परकोटाच्या आत एका म्हाताऱ्या शिंप्यानं मला शिवलं. भैयाजीनं अस्तराला एक चोरकप्पा ठेवायला सांगितला तेव्हा म्हातारा सुई थांबवून म्हणाला, "टोपीले खिसा? त्यात काय डोक्यातलं ठेवतं का गा?"

"ज्याच्या डोक्यात काई नाई, त्याच्यासाठीच होये हे," भैयाजी म्हणाला.

दोघं हसले. मीही हसले. मखमल नवी होती, अंगात मस्ती होती.

भैयाजीचा खेळ आठवडी बाजारात, जत्रेत, मंडईत. खेळ रंगात आला की तो गर्दीतून एकाला मदतीला बोलवायचा. तोंडावर "या पाव्हणे, या पाव्हणे" आणि पाठीमागे मात्र या माणसांना तो सोंगट्या म्हणायचा. पटावरची सोंगटी जशी आपली आपण हलत नाही, तशी ही माणसं. त्यातही दोन जाती. खरोखर गर्दीतून आलेला, काहीच ठाऊक नसलेला तो गावची सोंगटी. आणि झाडू ही घरची सोंगटी. हा झाडू भैयाजीचाच साथीदार, पण दर गावात अनोळखी माणसासारखा फुटाणे खात गर्दीत उभा राहायचा आणि वेळ आली की ओरडायचा, "वा! म्या आपल्या डोळ्यानं पाह्यलं!" एकानं पाहिलं म्हटलं की शेजारच्यालाही पाहिल्यासारखं वाटतं. माणसांची ही खोड मला फार लवकर कळली.

माझा खेळ असा. भैयाजी एखाद्या बाईची अंगठी मागून घ्यायचा आणि सगळ्यांसमोर रुमालात बांधून पाव्हण्याच्या मुठीत द्यायचा. लोकांना तसं दिसायचं. रुमालात असायचा खडा आणि अंगठी असायची भैयाजीच्या बोटांच्या बेचक्यात. मग मानाचं निमित्त करून तो पाव्हण्याच्या डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा उतरवी, मला त्याच्या डोक्यावर ठेवी आणि तेवढ्यात अंगठी चोरकप्प्यात सरकवी. मूठ उघडली की खडा, टोपी काढली की अंगठी. "चोर सापडला, चोर सापडला!" म्हणून लोक पोट धरून हसायचे आणि बिचारा पाव्हणाही हसायचा.

पण मी खाली काय चाललंय ते जाणत होते. ओठांवर हसू असलेल्या माणसाची टाळू घामानं थबथबलेली असते. चारचौघांत आपल्याला चोर म्हटलेलं, थट्टेतसुद्धा, कुणाच्या डोक्याला सोसत नाही. त्या घामानंच माझा दोरा कुजला आणि चोरकप्प्याची खालची शिवण उसवली.

झाडूनं ते पाहिलंही होतं. "भाऊ, टोपी उसवून राह्यली."

"येवढी मंडई होऊ दे, मंग पाहू," भैयाजी म्हणाला.

ती मंडई पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका गावची. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात. दिवसा बाजार, दंडारीचं नाचगाणं, घरोघर पाहुणे आणि त्या गर्दीतच सोयरिकी जुळतात. त्या वर्षी धानोऱ्याकडून लटारू नावाचा एक तरणाताठा गडी मामासोबत मुलगी पाहायला आला होता. मुलगी धुरपता, विधवा गुणाबाईची एकुलती एक. सकाळी पोहे झाले, पसंती झाली. दिवस कलताना कुंकू लावायचं ठरलं होतं.

भैयाजीनं पाव्हणा मागितला तशा गावच्या पोरीसोरींनी लटारूलाच पुढे ढकललं. होणाऱ्या जावयाची मंडईत फिरकी घ्यायची नाही तर कुठं घ्यायची?

"आमचा जवाई घ्या! पाहू तरी कसा निंगते!"

लटारू लाजत लाजत पुढे आला. भैयाजीनं अंगठी मागितली. गुणाबाईला काय कौतुक आलं कोण जाणे, तिनं पदराची गाठ सोडून आपली मुंदी काढून दिली. अंगठीला आमच्याकडे मुंदी म्हणतात. चांदीची, तिच्या नवऱ्यानं महाकालीच्या जत्रेतून आणलेली. धुरपताच्या लग्नात तिच्या बोटात घालायची म्हणून तिनं ती जपली होती.

खडा मुठीत गेला, मी लटारूच्या डोक्यावर गेले, मुंदी माझ्या चोरकप्प्यात आली. आणि तिथून उसवलेल्या जागेतून घसरून अस्तराखाली, जरीच्या पट्टीत जाऊन बसली. मला तिचा गारवा अजून आठवतो.

मूठ उघडली. खडा निघाला. लोक हसले. भैयाजीनं मला किंचित उचलून चोरकप्प्यात बोटं घातली. कप्पा रिकामा! इतकी वर्षं ती बोटं मी कधी रिकामी परतताना पाहिली नव्हती. त्यानं मला तशीच परत लटारूच्या डोक्यावर बसवली. मुंदी उसवल्या शिवणीतून खाली पडली समजून जमिनीवर पाहिलं, धूळ चिवडली.

"मुंदी कुठी हाये, भाऊ?" गुणाबाईनं विचारलं.

भैयाजीनं त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं. 'बाई, मुंदी याच्या मुठीत गेलीच नव्हती.' एवढं म्हटलं असतं तर लटारू सुटला असता. पण जादू उघडी पडली असती, आणि लोकांनी त्याचीच मानगूट धरली असती. भैयाजीनं सोंगटी पुढे सरकवली.

"मुंदी म्या सगळ्यायच्या समोर पाव्हण्याच्या मुठीत देल्ली. आता त्यालेच इचारा."

"म्या पाह्यलं!" गर्दीतून झाडू ओरडला. "आपल्या डोळ्यानं पाह्यलं!"

आणि लोकांनी खरंच पाहिलं होतं हो! साऱ्या गावानं पाहिलं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी देतात.

चार जणांनी लटारूचे खिसे पाहिले, धोतराचा सोगा झटकला, दुपट्टा झाडला. डोक्याला मात्र कुणी हात लावला नाही. पाव्हण्याच्या डोक्यावरचं उतरवणं म्हणजे त्याची अब्रू उतरवणं, अशी तिथली रीत. चोर म्हणाले, पण रीत मोडली नाही. मोडली असती तर किती बरं झालं असतं!

"म्या नाई घेतली, बाई," लटारू म्हणाला. "मले काई मालूम नाई." त्याचा मामा जमिनीकडे पाहत उभा होता.

मग लटारूनं दोन्ही हातांनी मला डोक्यावरून काढलं आणि वाकून गुणाबाईच्या पायाशी ठेवलं. माणसाजवळ देण्यासारखं काही उरलं नाही की तो डोक्यावरचं काढून दुसऱ्याच्या पायाशी ठेवतो. याच्या पुढे विनवणी नाही. बिचाऱ्याला काय ठाऊक की तो तिची मुंदीच तिच्या पायाशी ठेवतोय! गुणाबाईनं नुसतं वाकून मला उचललं असतं, जरा चाचपलं असतं, तरी पुरे होतं. मी धुळीत पडून मनात टाहो फोडत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो काय असतो ते टोपीला विचारा.

गुणाबाईनं पाय मागे घेतले.

"टोपी काय करू मी? मले माही मुंदी पायजे."

लटारू बोडक्या डोक्यानं गेला. दुपट्टा उचलायचंही त्याला भान राहिलं नाही. भैयाजीनं त्या गोंधळात पेटी आवरली. मला मात्र त्यानं उचललं नाही. गुणाबाईच्या पायाजवळ यायची त्याला हिंमत झाली नसावी.

मखमल वाया कशाला घालवायची म्हणून गुणाबाईनंच मला दोन बोटांत लटकवून, न चाचपता घरी नेलं. काही महिने आढ्याला लटकले. पुढल्या भातात पाखरं उतरू लागली तेव्हा बुजगावण्याच्या मडक्यावर मला बसवलं. मडकं घामेजत नाही, लाजत नाही. इतकी निवांत सोंगटी मला आयुष्यात मिळाली नव्हती. पण गुणाबाईची मुंदी गुणाबाईच्याच भाताच्या बांधीत, तिच्या डोळ्यांदेखत, वाऱ्यावर डुलत होती, आणि मला स्वतःची शिसारी येत होती.

एका दुपारी मायलेकी पोपट हाकत होत्या.

"माय, त्यानं नाई घेतली."

"मंग का वाऱ्यानं नेली? साऱ्या गावानं पाह्यलं."

"म्या बी पाह्यलं. पण म्या त्याचं तोंड बी पाह्यलं." धुरपतानं गोफण फिरवली, पण दगड सोडलाच नाही. "त्याच्या गावात त्याले मुंदीवाला म्हणून राह्यले. लाजंनं गाव सोडलं त्यानं. खाणीत कोयसा काढते म्हणते."

"तुले कोणं सांगतलं?"

धुरपतानं गोफणीतला दगड आता सोडला. त्यानंतर तिला दोन स्थळं आली आणि दोन्ही वेळा ती पाहुण्यांसमोर आलीच नाही.

आज होळी आहे. पोरांनी गावभर हिंडून मोडक्या टोपल्या, जुनी खाट, कुडाच्या काड्या गोळा केल्यात. बुजगावणंही उपटून आणलं. मडकं वाटेत फुटलं. मी ढिगावर, मधोमध रोवलेल्या एरंडाच्या फांदीला अडकून पडले आहे. ऊन उतरलं की पेटवतील.

मला भीती नाही वाटत. उलट घाई झाली आहे. मखमल जळेल, जरीची पट्टी जळेल, तो चोरकप्पा एकदाचा जळेल. चांदी काळी पडेल, पण उरेल.

धुरपता, उद्या सकाळी राख न्यायला आईला पाठवू नकोस, तू ये. सुपात घेऊन तशीच घरी नेऊ नकोस. एरंडाच्या बुडाशी बस आणि बोटांनी चाळ. बोटाला काहीतरी गोल लागेल. ते पुसून उजेडात धर, ओळखशील.

मग माझं नाव घेऊ नकोस, माझी तेवढी लायकी नाही. त्याचं घे. चारचौघांत, मोठ्यानं घे.