आमेनच्या आधी

प्रतिमानं मुलीच्या छातीवर तळवा ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजले. छत्तीस. पुन्हा मोजले. अडतीस.

"झालं का व?" सासू, तानाबाई, दारातून म्हणाल्या. "पहिली घंटा झाली."

घर चर्चच्या मागेच होतं. चिंचेला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर चौकीदारानं मारलेले ठोके अजून कानात होते. तिचा नवरा शांतवन पेटी लावायला केव्हाच पुढे गेला होता.

"नाक चोंदलंय तिचं, आत्याबाई. पुढच्या रविवारी करू या."

"मांगच्या रैवारी पोट होतं. त्याच्या आंधी पाळकसाहेब चिखलीले गेलते. पोरगी पाच महिन्याची झाली. आता काय तिले चालत नेतं तिथं?" तानाबाई आत आल्या. "अन् ठेव ते घड्याळ. घड्याळ पाहून लेकरं मोठे होतात का? शांतवनले तं म्या सावली पाहून वाढवलं."

प्रतिमानं घड्याळ काढलं नाही. बी.ए.ला गेली तेव्हा वडिलांनी नागपूरला घेऊन दिलेलं ते घड्याळ. तेव्हा त्याचा उपयोग तासांना वेळेवर जाण्यापुरता होता.

"देवावर सोड माय," तानाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "किती धरून बसशीन?"

त्यांच्या चर्चच्या मंडळीत तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा होत नसे. समर्पण होई. आईनं पुढे जायचं, लेकरू पाळकांच्या हातांवर ठेवायचं. पाळकांनी म्हणायचं, हे लेकरू, प्रभू, तुझं आहे. आणि आईनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आमेन म्हणायचं.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या लेकराच्या, प्रबोधच्या वेळी प्रतिमा असंच म्हणाली होती. कॉलेजात कविता म्हणून दाखवायची त्या आवाजात, खणखणीत. पुढे त्याला घटसर्प झाला. गाडी जुंपून दवाखान्यात नेईपर्यंत तो तिच्या मांडीवरच निळा पडला. सांत्वनाला आलेल्या बायका म्हणाल्या, देवानं दिला, देवानं नेला. प्रतिमानं मान हलवली. तिचा हिशेब त्याहून साधा होता. देवानं मागितलं, तिनं दिलं, म्हणून नेलं. हे तिनं शांतवनलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाजेवरची मुलगी, करुणा, पाय झाडू लागली. लंगोट ओला झाला होता. प्रतिमानं पांढऱ्या झबल्याला हात घातला.

"राहू दे, मी बदलतो," तानाबाई घाईनं पुढे झाल्या. "तुही साडी खराब होईन."

"होऊ दे."

"अव म्या म्हटलं ना, दे इकडं."

त्या घाईकडे प्रतिमाचं लक्ष गेलं. सकाळी ती साडी नेसत असताना आंघोळ तानाबाईंनीच घातली होती. तिनं झबलं वर केलं. मुलीच्या कमरेला नवा काळा दोरा होता आणि त्यात, दृष्ट लागू नये म्हणून ओवतात तशी, बिब्ब्याची फोड ओवलेली होती.

"हे काय?"

तानाबाई बाजेच्या कडेवर बसल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. जानेफळच्या या बाईनं चाळीस वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. कोणाच्या लेकराच्या गळ्यात ताईत दिसला तर भर रस्त्यात त्याच्या आईला सुनावणारी बाई.

"प्रबोधच्या कमरीले होता," त्या म्हणाल्या. "तुले नाही ठाव. तो जलमला तवाच बांधला होता म्या. तुले सांगतलं, करदोडा हाये साधा."

"मग?"

"समर्पणाच्या सकाळी कापला. म्हटलं, देवाच्या हाती द्याचा तं हे काऊन ठेवाव? याच हातानं कापला." त्यांनी हात पुढे केला आणि लगेच मांडीखाली दडपला. "अन् एकोणीस दिसात…"

प्रतिमा तशीच उभी राहिली. एकोणीस. तिला वाटलं होतं, हा आकडा घरात एकट्या तिलाच पाठ आहे.

बाहेर दुसरी घंटा झाली.

"मी आमेन म्हटलं होतं, आत्याबाई," ती म्हणाली. "जोरात म्हटलं होतं."

तानाबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग काय ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"अव पोरी. त्याच्यानं जाते का लेकरू?"

"मग दोरा कापल्यानं जातं?"

करुणा आपली मूठ चोखत होती.

शेवटी तानाबाई उठल्या. शिवणाच्या डब्यातून कात्री काढून त्यांनी सुनेसमोर धरली.

"तू काप. माह्यानं आता होत नाही."

प्रतिमानं कात्री घेतली. कात्रीचं पातं कातडीला लागू नये म्हणून तिनं दोऱ्याखाली स्वतःचं बोट घातलं. दोरा तुटला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. बिब्बा जमिनीवर पडून बाजेखाली गेला. तिनं लंगोट बदलला, झबलं खाली ओढलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून कात्रीसोबत डब्यात ठेवलं.

चर्चमध्ये सतरंजीवर बायका दाटीनं बसल्या होत्या. पाळक नारायणरावांनी हात पुढे केले. म्हातारे हात, तळव्यांना भेगा. प्रतिमा उभीच राहिली. पेटीवर शांतवनची बोटं थांबली. नारायणरावांनी नाव पुकारलं नाही, घाई केली नाही, हातही मागे घेतले नाहीत.

तिनं मुलगी त्या हातांवर ठेवली.

"हे लेकरू, प्रभू, तुझं आहे," नारायणराव म्हणाले.

आमेनची वेळ आली आणि तिच्या घशातून काहीच निघेना. बायका वळून बघू लागल्या. पेटीचा भाता हळूहळू बसल्याचा उसासा ऐकू आला. मग मागून, बायकांच्या रांगेतून, चिरका आवाज आला.

"आमेन."

तानाबाई एकट्याच उभ्या होत्या.

प्रतिमानं ओठ उघडले. तिचं आमेन पहिल्या रांगेतल्या बाईलाही ऐकू गेलं नसेल.

आणि मग नारायणराव दोन पावलं पुढे आले आणि करुणाला त्यांनी तिच्या हातांत परत दिलं. विधी तसाच होता. दर वेळी तसाच असतो. प्रबोधलाही त्यांनी असंच परत दिलं होतं, मान सांभाळून, टोपडं नीट करून. तीन वर्षांत तिला देणं तेवढं आठवत राहिलं होतं. हे आठवलं नव्हतं. एकोणीस दिवसांसाठी, पण परत दिलं होतं.

मुलगी शिंकली. नाक अजून चोंदलेलंच होतं. प्रतिमाची नजर सवयीनं मनगटाकडे गेली. तिथं घड्याळाखालच्या कातडीचा फिकट पट्टा होता.

ती बायकांच्या रांगेकडे वळली. तानाबाईंनी सरकून जागा केली. ह्या वेळी किती दिवसांसाठी, हे प्रतिमानं विचारलं नाही. मुलीला छातीशी घेऊन ती सासूच्या खांद्याला टेकून बसली आणि मोठ्यानं रडू लागली. पेटी पुन्हा सुरू झाली.