पासरीचा टवका

हुकमचंद अखेर भूगर्भशास्त्राचा डॉक्टर झाला. ही गोष्ट वाचकांनी कृपया विसरून जावी, कारण १९५५ सालच्या त्या मंगळवारी टेंभुर्णीच्या बाजारात तसं काहीही झालेलं नव्हतं. हुकमचंद बापाच्या दुकानाच्या पायरीवर बसून एका दगडाकडे बघत होता, आणि बापूजी, म्हणजे भंवरलाल शेटजी, त्याच दगडाने मिरच्या तोलत होते.

दगड हुकमचंदचाच होता. एक अंग काळं, दुसरं भाजलेल्या विटेसारखं लाल. गावचे बडे शेतकरी काकासाहेब यांच्या नव्या विहिरीच्या तळाशी लाव्हारसाचे दोन थर एकमेकांवर बसलेले त्याला सापडले होते, आणि त्या सांध्यातला हा एकच तुकडा त्याने वर आणला होता. अख्खा प्रबंध त्या तुकड्यावर उभा होता. मग तो प्रबंध लिहायला विद्यापीठात गेला, विहिरीला पाणी लागून तो सांधा बुडाला, आणि दगड दुकानात राहिला.

त्याच हंगामात काकासाहेबांनी भर बाजारात म्हटलं, की शेटजींची लोखंडी पासरी पाच शेरांना कमी भरते. शेटजींनी म्हटलं, की काकासाहेबांच्या घरची जास्त भरते. गावाला दोघांचंही पटलं. पंच बसले आणि त्यांनी तोड काढली. दगड काकासाहेबांच्या विहिरीतला, आणला शेटजींच्या पोराने, म्हणजे तो दोघांनाही सारखाच फितूर. कडूबा पाथरवटाने तहसिलीतल्या मापाशी ताडून, तासून तासून तो बरोबर पाच शेर केला; उडालेल्या कपच्या रस्त्याच्या खडीत गेल्या. तेव्हापासून बाजारात तोलावरून भांडण नव्हतं. काही लोकांना तर करमेनासं झालं होतं.

आता हुकमचंदला त्या दगडाचा सुपारीएवढा टवका हवा होता. डॉक्टरेटला काय काय लागतं ते त्याने बापूजींना गिऱ्हाइकांच्या मधून मधून समजावून सांगितलं. रानोमाळ हिंडून नकाशा काढावा लागतो, तो काढला. जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. ती त्याने सरकीच्या पोत्यांवर बसून, मोठ्याने घोकून दिली होती, आणि घरची म्हैस अजून त्याचा आवाज ऐकला की पान्हा चोरत होती. प्रबंध टाइप करून, बांधून द्यावा लागतो, दिला. राहिली तोंडी परीक्षा. पण परीक्षक अडून बसले होते. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिल्याशिवाय ते तोंडी परीक्षेला तोंड उघडणार नव्हते. काप इतका पातळ, की उजेड आरपार यावा.

"आरपार दिसाया पायजे तर काच ने की," बापूजी म्हणाले. "बराबर चाललेला दगड कशाला नासवून राह्यला?"

"त्याच्याबिगर सगळं फुकट जातंय, बापूजी. मंग काय जल्मभर इथं बसून मिरच्या तोलू?"

"तोल की. माप एकदम खरं हाये."

टवक्याची बातमी काकासाहेबांपर्यंत गेली आणि ते वहाणा हातात घेऊनच आले. टवका गेला की पासरी कमी भरणार, हे त्यांनी सर्वांना दोनदा सांगितलं. शेटजी म्हणाले, तेवढ्या वजनाची लोखंडी कडी बसवू. काकासाहेब म्हणाले, व्यापाऱ्याची कडी रात्रीतून वाढते. कुणी गुळाचा खडा सुचवला. त्यावर मुंग्यांना पंचांत घ्यावं लागेल, असं कडूबाने निदर्शनास आणलं. दुपार कलली. परीक्षकांनी दिलेली मुदत त्या आठवड्याअखेर संपत होती, आणि जाफराबादेची मोटार बाजारतळाशी भोंगा वाजवत होती.

हुकमचंद उठला, घरात गेला आणि आईला काहीतरी म्हणाला. सुगनबाईंनी देव्हाऱ्यातून त्याचं चांदीचं पदक काढलं. बी.एस्सी.ला पहिला आल्याचं. पदराने पुसून त्या स्वतः दुकानात आल्या आणि कुणाकडे न बघता ते पारड्यात दगडाशेजारी ठेवलं.

काकासाहेबांनी पदक उलटंपालटं करून पाहिलं.

"पोराचं हाये," ते शेवटी म्हणाले. "ह्याला कुणाची बाजू न्हाई. कडूबा, घाल छिन्नी."

कडूबाने पदकाच्या वजनाइतका टवका काढला, ना गुंजभर कमी ना जास्त. हुकमचंदने तो रुमालात बांधला आणि मोटारीमागे पळत सुटला. त्याचं पुढे काय झालं, ते आपण विसरायचं ठरवलंच आहे. पदक मात्र अजून मिरच्या तोलतं. त्यावरचं विद्यापीठाचं नाव पुसलं गेलंय आणि हातात धरलं की शिंक येते.

गेल्या महिन्यात टेंभुर्णीहून विद्यापीठाकडे एक अर्ज गेला. त्याखाली दोन सह्या शेजारी शेजारी आहेत, हेच गावाला नवल.

"अर्जदार भंवरलाल व काकासाहेब, दोघे राहणार टेंभुर्णी, विनंतीपूर्वक कळवितात, की आपल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात असलेला टवका आमच्या पासरीचा आहे. डॉक्टरेटचे काम भागले असल्यास तो दर मंगळवारी सकाळच्या मोटारीने इकडे पाठवावा. बाजार उठताच परत करण्यात येईल. त्यातून काढलेला आरपार दिसणारा कापही सोबत जोडावा, कारण तेवढ्यानेही माप कमी भरते. पदक मोकळे झाल्यास सुगनबाई ते मंगळवारपुरते देव्हाऱ्यात ठेवू इच्छितात. तरी विनंतीचा विचार व्हावा."