नळीखालचं पितळ

जोहरानं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि उजवं मनगट डाव्या हातानं दाबत ती म्हणाली, "अब्बा, गोळी सुटली की नळी वर उडते. अन् इथं कळ येते."

निजामुद्दीनभाईंनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते एकोणतीस वर्षं लेथ चालवत होते. मशीन नुसतं वाजलं तरी कुठं काय हललंय हे त्यांना कळायचं. पोरीचं पिस्तूलही त्यांना तसलंच एक मशीन वाटलं.

दोन महिन्यांपूर्वी औरंगपुऱ्यात जोहराची स्कूटी घसरली होती. ती उजव्या तळहातावर पडली. कमरुन्निसानं, तिच्या अम्मीनं, चार दिवस तेल चोळलं, सूज उतरली आणि सगळे विसरून गेले. पुण्याची राज्य नेमबाजी स्पर्धा तीन महिन्यांवर आली होती.

निजामुद्दीनभाई तिचे प्रशिक्षक काकासाहेब यांच्याकडं गेले. काकासाहेब फौजेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे.

"नळीखाली वजन लावायचं," ते म्हणाले. "पुढचा भाग जड झाला की झटका कमी बसतो, नळी उसळत नाय. लोक बाहेरून मागवतात. फक्त पिस्तूल धरून सगळं चौदाशे ग्रॅमच्या आत पाहिजे."

"मागवायचं कशाला? मी बनवतो की."

मालकाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पितळेचा बोटभर तुकडा कातला, खाली दोन स्क्रू बसवले, कडा घासून गुळगुळीत केल्या. तो घेऊन ते पहिल्यांदाच रेंजवर गेले. जोहराच्या नेमबाजीच्या चार वर्षांत त्यांना सवड झाली नव्हती. जोहरानं पाच गोळ्या झाडल्या. नळी जागची हलली न हलली.

"निजामभाई, कसब आहे तुमच्या हातात," काकासाहेब म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी रेंजवर जाऊ लागले. तुकडा कधी अर्धा इंच पुढं सरकवून बघायचे, कधी मागं. जोहराचे गुण वाढले. तिनंच एकदा म्हटलं, "अजून थोडं जड चालंल, अब्बा." त्यांनी चाळीस ग्रॅम वाढवून दुसरा तुकडा केला.

एका सकाळी ती डाव्या हातानं चहा ओतताना त्यांना दिसली.

"उजव्याला काय झालं गं?"

"काय नाय. स्पर्धेसाठी सांभाळते त्याला," ती हसली.

तिनं किटली कशी धरलीय ते त्यांनी नीट पाहिलं होतं. केसाएवढा फरक ओळखणारी नजर त्यांची. तरी ते गप्प बसले. पुण्याला तीनच आठवडे राहिले होते.

स्पर्धेत पहिल्या तीस गोळ्या सुरेख गेल्या. मग दुसरा टप्पा आला. लक्ष्य तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची, हात खाली घ्यायचा, सात सेकंदांनी पुन्हा उचलायचा. असं तीस वेळा. अठराव्या वेळी जोहराचा हात वर आलाच नाही. तिनं पिस्तूल रिकामं करून ठेवलं आणि डावा हात उंचावून पंचांना बोलावलं.

परत आल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. मनगटातलं एक बारकं हाड मोडलं होतं.

"पडून किती दिवस झाले?"

"पाच महिने."

"तेव्हाच प्लास्टर घातलं असतं तर जुळलं असतं. त्यात रोज एवढं वजन उचललंय हिनं."

ऑपरेशन झालं. हात लिहायला, स्कूटी चालवायला पुरेसा बरा झाला. पण हात लांब करून पिस्तूल पेलायचं म्हटलं तर नाही.

दवाखान्यात निजामुद्दीनभाई तिच्या उशाशी बसले होते. "मला बोलली का नाय, बेटा?"

"बोलले होते, अब्बा. अगदी सुरुवातीला."

त्यांना आठवलं. मान खाली घालून त्यांनी विचारलं, "अन् नंतर?"

जोहरा खिडकीकडं बघत राहिली. "तुम्ही लई खुश होता. रोज काहीतरी नवं करून आणायचात. दुखतंय म्हटलं असतं तर तुमचं येणं बंद झालं असतं."

त्यांनी तिचा बँडेजमधला हात हातात घ्यायला हात पुढं केला, पण दुखंल म्हणून मागं घेतला.

वर्षभरात रीतसर कागद करून पिस्तूल नाशिकच्या एका मुलीला गेलं. जोहरा आता गंगापूरच्या शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाते. निजामुद्दीनभाई तिला स्टँडवर सोडायला येतात. आज वर्गात काय आहे, पोरं ऐकतात का, डबा पुरतो का, असं विचारत राहतात. ती कधी मन लावून सांगते, कधी नुसतं "ठीक आहे" म्हणते आणि बसमध्ये चढते. मग ते बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहतात.