सिरक्याची कॉफी

बोरचं पाणी मशीनला घालू नका, असं आमच्या लेकीनं, दीपमालानं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ऐकलं नाही. आमच्या तारनाक्याला मंजिरा नदीचं नळाचं पाणी एक दिवसाआड येतं, ते भरून ठेवायचं प्यायला आणि भाताला. त्या कॉफीच्या मशीनची एवढी मिजास कशाला, म्हणून मी आपला बोरचंच ओतत गेलो. झालं, उन्हाळा संपेपर्यंत मशीन बसलं. बटण दाबलं की आधी कण्हायचं, मग गुरगुरायचं, आणि पेपर वाचून झाला तरी काचेच्या भांड्यात कपभर काळं पाणी. चिडून एक चापट मारली तर झाकण हातात आलं.

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. रेल्वेच्या वर्कशॉपात जन्म गेला. सूर्यभान साहेब आले म्हटलं की हाताखालचे खलाशी मजूर विड्या विझवायचे. मला गप्प करणारं माणूस जगात एकच, माझी बायको चतुराबाई, आणि तिचं हत्यार म्हणजे तिचं नाक.

काय नाक होतं ते! हॉलमध्ये बसून सांगायची, दूध उतू जातंय, बंद करा. खालच्या मजल्यावर कोणाच्या फोडणीत हिंग जास्त पडला, ते हिला आधी कळायचं. सुलतान बाजारात गाड्यावर मिरची भजी खाऊन मी आलो की दारातच अडवायची. "खाल्लीत ना? डॉक्टरनं काय सांगितलंय? आणि तेल पण जुनंच होतं मेल्याचं." आता तेलाचं वय शर्टावरून ओळखणाऱ्या बाईपुढं माणसानं बोलावं काय!

गेल्या वर्षीच्या तापानं तिची वास घ्यायची शक्तीच नेली. ताप गेला, खोकला गेला, अंगात ताकद आली, वास काही परत आला नाही. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ती गॅससमोर उभी असताना वरणाचा कोळसा झाला आणि तिला कळलंच नाही. मी आतून धावत गेलो तेव्हा ती पातेल्याकडं नुसती बघत होती. त्या दिवसापासून ती एकटी स्वयंपाकघरात जाईना. हिच्या हातचा येसर सबंध कॉलनीत प्रसिद्ध, मसाला भाजायला घेतला की शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. तो डबा फळीवर तसाच पडून राहिला.

मी पुन्हा एकदा भजी खाऊन आलो. मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, अगदी तोंडाशी तोंड. ती म्हणाली, "बसा, जेवायला वाढते." एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मला मिरची भजी पचली नाहीत.

नाकाचे डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी उग्र काहीतरी हुंगायला द्या, नसा हळूहळू जाग्या होतील, काहींच्या होतात. काहींच्या होत नाहीत, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दीपमाला बेंगलोरला असते. तिनं लगेच हे मशीन पाठवलं. "बाबा, कॉफीचा अरोमा एकदम स्ट्राँग असतो, घरभर पसरतो, आईला हेल्प होईल." आम्ही साधे चहावाले, पण पोरीनं पाठवलं म्हणून रोज कॉफी करायला लागलो. रोज कप तिच्या नाकाशी धरायचो आणि विचारायचो, आला का? ती मान हलवायची. शेवटी एकदा म्हणाली, "अहो, आता विचारत जाऊ नका. तुम्ही विचारता ना, तेव्हा जास्त वाईट वाटतं." मग मी विचारणं सोडलं. कॉफी मात्र सोडली नाही. मशीन बंद पडलं असतं तर आम्ही आशाच सोडली असं तिला वाटलं असतं, आणि ते मला नको होतं.

दीपमालाला फोन केला. "बाबा, आत पाण्याच्या क्षारांचं स्केल झालं असेल. सिरका, व्हिनेगर हो, आणि पाणी हाफ हाफ घाला, अर्धं चालवून बंद करा, थोडा वेळ तसंच ठेवा, मग पूर्ण चालवा. नंतर नुसत्या पाण्यानं दोनतीनदा, स्मेल जाईपर्यंत. आणि बोरचं पाणी घातलं होतं का?"

"छे," मी म्हणालो.

"बाबा!"

"बरं बरं, घातलं होतं. ठेव आता फोन."

किराणावाल्यानं विचारलं, "साब, खाने का होना की सफाई का?" मी म्हणालो, सफाई का. त्यानं पांढऱ्या सिरक्याची मोठी बाटली काढून दिली. ती मी दोन दिवस सिंकखाली लपवून ठेवली. चतुरा दर रविवारी वंदनेला अंबरपेठच्या विहारात जाते, तेव्हाच हे उरकायचं होतं. सगळं घर सिरक्यानं भरलंय आणि ही काहीच न कळून तिथं तांदूळ निवडत बसलीय, हे बघणं मला जमलं नसतं. खरंच जमलं नसतं.

रविवारी तिला ऑटोत बसवलं आणि बाह्या सरसावल्या. सिरका ओतून बटण दाबलं. आई गं, तो वास! डोळ्यांतून पाणी आलं, शिंका आल्या. खिडक्या उघडल्या, पंखे लावले. अर्धं पाणी पडल्यावर मशीन बंद करून तसंच ठेवलं, तोवर जाळी घासली, काचेचं भांडं तांदूळ आणि मीठ घालून खळखळवलं. परत चालू केलं तर नळीतून पांढरट पापुद्रे पडायला लागले, चुन्याचे असावेत तसे. एवढा खार आमच्या पोटातही गेला असणार, ह्या विचारानं मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. मग मंजिराच्या पाण्यानं मशीन धुतलं. एकदा, दोनदा, आणखी एकदा. भांड्यात नाक घालून हुंगलं. काही नाही. एकदम स्वच्छ.

चतुरा आली तेव्हा कॉफी पडत होती, पूर्वीसारखी धार लावून. तिनं चपला काढल्या, पांढरी साडी सावरत खुर्चीत बसली. मी कप तिच्या हातात दिला. विचारलं काहीच नाही. तिनं कप तोंडाजवळ नेला आणि मध्येच थांबली.

"अहो, हे काय आणलंय?"

"कॉफी. दुसरं काय असणार?"

"सिरका मारतोय नुसता."

"कशाचा सिरका? तीन वेळा धुतलंय मी ते. मंजिराच्या पाण्यानं!"

"मारतोय म्हणते ना. एक काम धड करत नाही तुम्ही. नीट खंगाळायला काय जातं?"

"अगं, पार गेलाय वास. मी स्वतः हुंगून बघितलंय!"

"मग नाक दाखवा कुणाला तरी. समोर धडधडीत वास येतोय आणि म्हणे गेलाय."

"माझ्या नाकाला काय धाड भरलीय? तुझ्याच..."

आणि मला एकदम कळलं, मी काय बोलतोय. तिनं कप बशीसकट माझ्यापुढं केला. मी कप धरला, तिचा हात पण धरला. तिनं वाकून पुन्हा हुंगलं.

"आहे," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागं मागं. कॉफीची बरणी उघडून हुंगली, मान हलवली. येसरचा डबा उघडला, बराच वेळ नाकाशी धरला. नाही. हिंगाची डबी, तेही नाही. मला वाटलं, चुकून झालं असेल, आता हिला समजवायचं कसं? तेवढ्यात तिनं ओट्यावरची सिरक्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि डोळे मिटले.

"हा आहे हो. हा येतोय. लांबून कुठून तरी येतोय, पण येतोय."

ती रडत होती, आणि मी, ज्याला बघून खलाशी विड्या विझवायचे, मीही ओट्याला टेकून रडत होतो. लाज कसली! जरा वेळानं मी डोळे पुसले आणि मशीनची टाकी काढली.

"थांब, अजून एकदा स्वच्छ धुतो. तुला चांगली कॉफी देतो करून."

तिनं माझा हात धरला. दुसऱ्या हातानं स्टूल ओढून मशीनच्या अगदी जवळ घेतलं आणि त्यावर बसली.

"पाणी नका घालू," ती म्हणाली. "सिरका घाला."

बाटलीत होता तेवढा सगळा सिरका मी टाकीत ओतला आणि बटण दाबलं.